फायबरची लाइन घेताना सेवेचा प्रकार करारात लिहून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव शहर आणि खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या तालुक्यांतल्या पतसंस्था, कारखाने, शिक्षणसंस्था आणि दवाखाने आता आपल्या दोन-चार ठिकाणच्या कचेऱ्या स्थानिक पुरवठादाराच्या फायबरने एकमेकींना जोडून घेऊ लागले आहेत. पूर्वी ज्या कामासाठी शिपायाला कागदपत्रे घेऊन एसटीने पाठवावे लागत असे, ते काम आता खानापूरच्या शाखेतून बेळगावच्या मुख्य कचेरीत बसल्या जागी होते, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र अशी लाइन घेताना संचालक मंडळ दोनच गोष्टी विचारते, वेग किती आणि महिन्याचे भाडे किती. पुरवठादार आपल्या स्विचवर, म्हणजे नेटवर्कच्या तारा एकमेकींना जोडणाऱ्या उपकरणावर, ही सेवा कोणत्या प्रकाराने बसवणार आहे, हे कोणी विचारत नाही, आणि पुरवठादारही आपणहून सांगत नाही. पुढे उद्भवणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ या न विचारलेल्या प्रश्नात असते, असे माझे मत झाले आहे. मी शहरातल्या एका मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीचे आणि उद्यमबागेतल्या काही कारखान्यांचे नेटवर्क सांभाळतो. त्या कामात जे दिसले त्याच्या आधारे, आपल्या दैनिकाच्या वाचकांपैकी जे अशा संस्थांचे संचालक, सचिव किंवा व्यवस्थापक आहेत त्यांच्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मुळात अडचण काय आहे ते आधी सांगतो. एकाच कचेरीतले काउंटरचे संगणक, सीसीटीव्ही आणि फोन एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यांना वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच तारांवरच्या वेगवेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये, ठेवण्याची पद्धत आहे. त्यासाठी स्विचमधून जाणाऱ्या फ्रेमवर, म्हणजे माहितीच्या गठ्ठ्यावर, चार बाइटचा एक टॅग लावला जातो आणि त्यात व्हीलॅनचा क्रमांक असतो. हा क्रमांक १२ बिटांचा असल्यामुळे एकूण ४०९६ क्रमांक होतात आणि त्यांतले पहिला व शेवटचा राखीव असल्याने वापरायला ४०९४ उरतात. ८०२.१क्यू या नावाने १९९८मध्ये मान्य झालेले हे मानक एका संस्थेच्या आवारापुरते उत्तम चालते. परंतु रविवार पेठेतल्या दोन सोसायट्या एकाच पुरवठादाराच्या फायबरवर आल्या आणि दोघींनीही काउंटरसाठी १० हाच क्रमांक धरलेला असला, तर पुरवठादाराने काय करायचे? पूर्वी, आणि काही ठिकाणी अजूनही, पुरवठादार ग्राहकालाच सांगतो की तुम्ही १० सोडा आणि ३१२ घ्या. म्हणजे सामान वाहून नेणाऱ्याच्या सोयीसाठी घरमालकाने आपल्या खोल्यांचे क्रमांक बदलायचे. हे योग्य नाही, आणि त्याची गरजही उरलेली नाही.

यावरचा उपाय म्हणजे प्रोव्हायडर ब्रिजिंग. त्याचे मानक ८०२.१एडी हे २००५च्या डिसेंबरात मान्य झाले, २००६मध्ये प्रसिद्ध झाले आणि नंतर ८०२.१क्यूच्या मुख्य दस्तऐवजातच सामावून घेतले गेले. तंत्रज्ञ मंडळी बोलताना त्याला क्यू-इन-क्यू म्हणतात. ग्राहकाचा टॅग, म्हणजे सी-टॅग, जसाच्या तसा आत ठेवायचा, त्याच्या बाहेरून पुरवठादाराने आपला दुसरा टॅग, म्हणजे एस-टॅग लावायचा, आपल्या सगळ्या स्विचमधून फक्त बाहेरचा टॅग पाहून फ्रेम पुढे सरकवायची, आणि दुसऱ्या टोकाला ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी तो काढून घ्यायचा, एवढाच त्याचा गाभा आहे. दोन्ही सोसायट्या आत १० क्रमांक खुशाल वापरू शकतात, कारण बाहेरचा क्रमांक प्रत्येकीचा वेगळा असतो. कोणता टॅग कोणाचा हे स्विचला कळावे म्हणून दोन्ही टॅगांच्या सुरुवातीला वेगवेगळी खूण असते. सी-टॅगची खूण हेक्झाडेसिमल (सोळावर आधारलेल्या अंकपद्धतीत) ८१०० आणि एस-टॅगची ८८ए८. या दोन आकड्यांकडे पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

आता सेवेच्या प्रकारांविषयी. मानकाने मुख्यतः तीन प्रकार सांगितले आहेत, आणि ग्राहकाने लाइन मागताना त्यांतला कोणता आपल्याला हवा हे ठरवले पाहिजे. पहिला प्रकार पोर्टवर आधारित. ग्राहकाच्या पोर्टातून, म्हणजे त्याची तार स्विचला जिथे लागते त्या खाचेतून, जे काही येईल, मग त्यावर टॅग असो वा नसो, ते सगळे एकाच एस-व्हीलॅनमध्ये (एस-टॅगने ओळखल्या जाणाऱ्या व्हीलॅनमध्ये) घालून दुसऱ्या टोकाला पोचवायचे. पुरवठादार आतले क्रमांक पाहत नाही, त्यामुळे ग्राहकाने उद्या नवे व्हीलॅन काढले तरी पुरवठादाराला फोन करावा लागत नाही. ज्या संस्थेची मुख्य कचेरी आणि एकच शाखा आहे, तिच्यासाठी हाच प्रकार सर्वांत सुटसुटीत आहे, असे मी नेहमी सांगतो.

दुसरा प्रकार सी-टॅगवर आधारित. यात ग्राहकाचे एकच पोर्ट असते, पण त्यातून येणाऱ्या फ्रेमच्या सी-टॅगमधला क्रमांक पाहून पुरवठादाराच्या कडेचा स्विच ठरवतो की ही फ्रेम कोणत्या सेवेत घालायची. समजा मुख्य कचेरी बेळगावात आहे आणि शाखा खानापूर, संकेश्वर आणि निपाणी येथे आहेत. पहिल्या प्रकाराने तिन्ही शाखांना स्वतंत्र पोहोच द्यायची तर मुख्य कचेरीत तीन पोर्टे लागतील, आणि दुसऱ्या प्रकाराने एकाच पोर्टावर भागेल. त्यासाठी पुरवठादाराच्या स्विचमध्ये एक तक्ता भरावा लागतो. २१ ते २४ क्रमांक खानापूरच्या सेवेत, ३१ ते ३४ संकेश्वरच्या, ४१ ते ४४ निपाणीच्या, असा. तक्त्यात जो क्रमांक नाही, त्याची फ्रेम स्विच टाकून देतो. टॅगच नसलेली फ्रेम आली तर ती त्या पोर्टासाठी ठरवून दिलेल्या व्हीलॅनची मानली जाते आणि मग तिलाही तोच तक्ता लागू होतो.

या तक्त्यापायी किती मनस्ताप होतो हे मी जवळून पाहिले आहे. उद्यमबागेतल्या एका कारखान्याने मशीन शॉपमधल्या सीएनसी यंत्रांची माहिती गोळा करण्यासाठी नवे व्हीलॅन काढले. आपल्या दोन्ही टोकांच्या स्विचवर ते व्यवस्थित बसवले. जुने सगळे चालू होते, फक्त नवे व्हीलॅन पलीकडे पोचत नव्हते. कारखान्याने स्विचच्या कंपनीला दोष दिला, मग केबल बदलून पाहिली, मग यंत्राच्या कंट्रोलरवर संशय घेतला. लाइन दुसऱ्या प्रकाराची आहे आणि नवा क्रमांक पुरवठादाराच्या तक्त्यात घालून घ्यावा लागतो, हे कारखान्यात कोणाला माहीतच नव्हते, कारण करारात त्याचा उल्लेख नव्हता. तक्त्यात एक ओळ वाढवली आणि काम झाले. करारात दोन ओळी असत्या तर हा सगळा खटाटोप टळला असता.

तिसरा प्रकार एस-टॅगवर आधारित. यात पोर्टातून येणाऱ्या फ्रेमवर एस-टॅग आधीच लागलेला असतो. साध्या ग्राहकाला याची गरज क्वचित पडते. तो प्रामुख्याने दोन पुरवठादारांच्या मधल्या सांध्यासाठी आहे, आणि नेमक्या याच कारणाने आपल्या सीमाभागात त्याला महत्त्व आहे. आपल्याकडच्या मल्टिस्टेट सोसायट्यांच्या शाखा कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगड या बाजूलाही आहेत. उद्यमबागेतल्या कारखान्यांची कामे कोल्हापूरशी जोडलेली आहेत. बेळगावचा पुरवठादार आपल्या फायबरने निपाणीपर्यंत जातो, आणि कोगनोळीच्या पुढे दूधगंगा ओलांडली की बहुधा दुसऱ्याच पुरवठादाराचे जाळे सुरू होते. ग्राहकाला ती एकच लाइन वाटते, प्रत्यक्षात ती दोन कंपन्यांच्या दोन तुकड्यांची बनलेली असते. निपाणीच्या तंबाखूच्या पोत्यावर व्यापाऱ्याची खूण असते आणि ट्रान्सपोर्टवाला तिच्यावर हात न लावता आपला क्रमांक बाहेरून चिकटवतो. माल दुसऱ्या ट्रान्सपोर्टच्या गाडीत चढवताना जुना क्रमांक काढून नवा लावला नाही तर पोते त्या गोदामात पडून राहते. सांध्यावर हेच घडते. एका पुरवठादाराकडे आपल्या सोसायटीचा क्रमांक ६१० असतो, दुसऱ्याकडे ६१० आधीच दुसऱ्या कोणाचा असतो, म्हणून सांध्यावरच्या पोर्टात ६१०चा ११४५ असा बदल करणारा तक्ता लागतो. हा तक्ता कोणी ठेवायचा, तो बदलला तर दुसऱ्याला कोणी कळवायचे, हे दोन्ही पुरवठादारांनी आधीच लेखी ठरवले पाहिजे.

याच सांध्यावर ते ८८ए८ आणि ८१०० आडवे येतात. मानक येण्यापूर्वी काही कंपन्यांनी बाहेरच्या टॅगसाठी ९१०० ही खूण वापरली होती, आणि काहींनी दोन्ही टॅगना ८१०० हीच. असे जुने स्विच अजूनही चालू आहेत आणि नव्या स्विचवरही ही खूण हवी ती ठेवता येते. एका बाजूने ९१०० ठेवली आणि दुसऱ्या बाजूने ८८ए८, तर पलीकडचा स्विच आलेला टॅग ओळखतच नाही. तो ती फ्रेम बिनटॅगची समजून भलत्याच ठिकाणी नेतो किंवा सरळ टाकून देतो. पोर्टाचा दिवा हिरवा असतो, प्रकाशाची पातळी उत्तम असते, आणि तरीही एकही फ्रेम पोचत नाही. आमच्या सोसायटीची कोल्हापूरची लाइन अशीच अडकली होती. बेळगावचा पुरवठादार म्हणे आमच्याकडून जाते आहे, पलीकडचा म्हणे आमच्याकडे काही येत नाही, आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे होते. शेवटी दोघांच्या तंत्रज्ञांना एकाच वेळी फोनवर घेऊन सांध्यावरच्या पोर्टाची एवढी एकच नोंद वाचून दाखवायला सांगितली, तेव्हा फरक लक्षात आला. सोसायटीच्या कोल्हापूरच्या खातेदारांना मात्र तोवर काउंटरवरून परत जावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते.

सेवेचा प्रकार बरोबर निवडला तरी त्याबरोबर फ्रेमची कमाल लांबी वाढवली नाही तर एक फसवा दोष राहून जातो, आणि त्याविषयी जरा विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्या भागात मला सर्वाधिक आढळलेला दोष हाच आहे. साध्या इथरनेट फ्रेममध्ये जास्तीत जास्त १५०० बाइटचा मजकूर असतो, आणि पत्ते व तपासणीचे बाइट धरून ती १५१८ बाइटची होते. सी-टॅगचे चार मिळवले की १५२२, आणि त्यावर एस-टॅगचे चार मिळवले की १५२६. पुरवठादाराच्या वाटेतला एखादा स्विच १५२२ची मर्यादा धरून बसला असेल, तर लहान फ्रेम निर्वेध जातात आणि पूर्ण लांबीच्या फ्रेम तेवढ्या नाहीशा होतात. स्विच याविषयी कोणालाही कळवत नाही. राउटर असता तर त्याने निदान पॅकेट मोठे आहे असा निरोप परत पाठवला असता.

आमच्या खानापूर शाखेत हेच झाले. लॉगिन होई, खात्याची शिल्लक दिसे, पिंग (पलीकडचा संगणक उत्तर देतो का हे पाहण्याची चाचणी) व्यवस्थित येई, पण सहीच्या नमुन्याचे स्कॅन मुख्य सर्व्हरवर चढवायला घेतले की पट्टी अर्ध्यावर थांबे. पुरवठादाराचा माणूस येऊन पिंग करून दाखवी आणि लाइन ठीक आहे असे लिहून सही घेऊन जाई. मग आम्ही विंडोजच्या पिंगला पॅकेट तुकडे न करता ठरावीक लांबीचे पाठवायला सांगितले. त्यासाठी पिंग शब्दापुढे उणे एफ, मग उणे एल आणि लांबी, आणि शेवटी पलीकडचा पत्ता, एवढे लिहायचे असते. १४६८ला उत्तर आले. १४७२ला आले नाही. या आकड्यात २८ बाइटचे हेडर मिळवायचे असते, म्हणजे १४९६ बाइटचा मजकूर जात होता आणि १५००चा अडत होता. फरक बरोबर चार बाइटचा, एका टॅगएवढा. एवढा पुरावा समोर ठेवल्यावर वाद उरला नाही. वाटेतल्या एका स्विचवर मर्यादा वाढवली आणि स्कॅन जाऊ लागले.

या प्रसंगी काही जण शाखेतल्या संगणकांवरच पॅकेटची लांबी कमी करून वेळ मारून नेतात. तो मार्ग मला मान्य नाही. आज चार संगणकांवर केले, उद्या पाचवा आला किंवा नवा कॅमेरा लागला की तोच दोष पुन्हा उभा राहतो, आणि तोवर आधी काय केले होते हे कोणाच्या लक्षात नसते. ज्याच्या स्विचमध्ये दोष आहे त्याने तो तिथेच दूर करावा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाटेतल्या प्रत्येक स्विचवर ही मर्यादा किमान १५२६, आणि शक्य असेल तर त्याहून बरीच जास्त ठेवणे हे पुरवठादाराचे काम आहे, कारण दुसरा टॅग त्याने लावलेला असतो.

दुहेरी लाइनविषयीही थोडे लिहितो. कारखान्यांना एक लाइन तुटली तर दुसरी हवी असते, म्हणून उद्यमबाग ते मच्छे अशा दोन लाइनी एकदम घेतल्या जातात. दोन वाटा उघड्या राहिल्या तर फ्रेम गोल गोल फिरत राहतात, म्हणून ग्राहकाचे स्विच आपसांत स्पॅनिंग ट्रीचे संदेश पाठवून एक वाट बंद ठेवतात. हे संदेश ०१-८०-सी२-००-००-०० या राखीव पत्त्यावर जातात, आणि मानकाप्रमाणे चालणारा साधा स्विच या पत्त्यावरची फ्रेम पुढे पाठवत नाही. प्रोव्हायडर ब्रिजिंगच्या मानकाने म्हणूनच पुरवठादाराच्या स्वतःच्या स्पॅनिंग ट्रीसाठी शेवटी ०८ असलेला वेगळा पत्ता दिला आहे. पोर्टवर आधारित सेवेत ग्राहकाचे संदेश अस्पर्श पलीकडे जावेत आणि पुरवठादाराचे संदेश त्याच्या जाळ्यात राहावेत, अशी ती व्यवस्था आहे. पुरवठादाराने पोर्टाची भूमिका ठरवताना चूक केली, किंवा साध्याच स्विचवर दुहेरी टॅगची तात्पुरती जुळणी केली, तर ग्राहकाचे संदेश मधेच गिळले जातात, दोन्ही टोकांच्या स्विचना वाटते की पलीकडे कोणी नाही, आणि दोन्ही वाटा उघडतात. त्यानंतर सगळ्या पोर्टांचे दिवे एकाच लयीत न थांबता लुकलुकू लागतात आणि काही क्षणांत संपूर्ण आवाराचे नेटवर्क बसते. सी-टॅगवर आधारित सेवेत नियम निराळा आहे. तिथे पुरवठादाराच्या कडेच्या स्विचचा ग्राहकाकडचा भाग स्वतःच ग्राहकाच्या स्पॅनिंग ट्रीत सहभागी होतो. म्हणजे दोन्ही प्रकारांत ग्राहकाने आपल्या बाजूला काय योजावे हे वेगवेगळे आहे, आणि प्रकारच माहीत नसेल तर योजना करणार कशाच्या आधारावर?

पतसंस्थांनी आणखी एका धोक्याकडे लक्ष द्यावे. दोन्ही टॅगना ८१०० हीच खूण वापरणाऱ्या स्विचवर, दोन स्विचमधल्या जोडणीचा बिनटॅगचा व्हीलॅन (ज्याच्या फ्रेम त्या जोडणीवर टॅग न लावता पाठवल्या जातात तो) आणि एखाद्या ग्राहकाचा बाहेरचा क्रमांक एकच निघाला, तर बाहेर पडताना बाहेरचा टॅग लावलाच जात नाही. पुढचा स्विच आतल्या टॅगलाच बाहेरचा समजतो, आणि एका सोसायटीच्या २० क्रमांकाच्या फ्रेम ज्या कोणाची सेवा २० असेल त्याच्या जाळ्यात जातात. ठेवीदारांची माहिती अशी दुसऱ्याच्या दारात जाणे ही गंभीर बाब आहे. बाहेरचा टॅग नेहमी लावलाच जाईल अशी सक्ती करणे, किंवा जोडणीचा बिनटॅगचा क्रमांक कोणत्याही ग्राहकाला न देणे, हे त्यावरचे साधे उपाय आहेत आणि पुरवठादाराने ते केले असल्याचे लेखी द्यावे. त्याचबरोबर हेही स्पष्ट समजून घ्यावे की प्रोव्हायडर ब्रिजिंग ग्राहकांना एकमेकांपासून वेगळे ठेवते, मजकूर झाकत नाही. वाटेत कोणी फ्रेम पकडली तर ती वाचता येते. म्हणून आर्थिक संस्थांनी आपल्या टोकाच्या उपकरणांवर एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर सांकेतिक करून पाठवण्याची सोय, स्वतः बसवावे, मग लाइन कोणत्याही प्रकारची असो.

पुरवठादारांविषयी मला आकस नाही. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याला झाड पडून फायबर तुटली की भर पावसात खांबावर चढून सांधा करणारी मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या कौशल्याविषयी मला आदर आहे. अडचण पुढच्या टप्प्यावर आहे. नवा स्विच बसवताना जुन्या स्विचचे कॉन्फिगरेशन जसेच्या तसे उतरवले जाते आणि त्यातल्या प्रत्येक ओळीचा अर्थ बसवणाऱ्याला माहीत असतोच असे नाही. क्रम खरे तर ठरलेला आहे. प्रथम स्विच ग्राहकाच्या पद्धतीने चालणार की पुरवठादाराच्या, ते ठरवायचे. मग प्रत्येक पोर्ट ग्राहकाकडचे की आपल्या जाळ्याकडचे, ते सांगायचे. मग एस-व्हीलॅन निर्माण करून सेवेचा प्रकार नेमायचा, टॅगची खूण आणि फ्रेमची लांबी जुळवायची, तक्ते भरायचे आणि शेवटी पूर्ण लांबीची फ्रेम पाठवून पाहायची. यातली पहिली पायरी विशेष जपून करावी लागते, कारण काही स्विचवर ही पद्धत बदलली की आधीचे सगळे कॉन्फिगरेशन पुसले जाते आणि स्विच नव्याने सुरू होतो. हे काम सोसायटीच्या काउंटरच्या वेळेत कधीही करू देऊ नये.

आपल्या शहरात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे, अभियांत्रिकीची महाविद्यालये आणि पॉलिटेक्निके आहेत. त्यांतून बाहेर पडणारी मुले टॅगची रचना परीक्षेत काढून दाखवतात, पण दोन टॅगांची फ्रेम प्रत्यक्ष पाहिलेली फारच थोडी भेटतात. प्रयोगशाळेत तीन-चार व्यवस्थापनक्षम स्विच एका ओळीत ठेवून मधल्यांना पुरवठादार आणि कडेच्यांना ग्राहक करता येते. मधल्या दुव्यावर वायरशार्क हे विनामूल्य साधन लावले की पडद्यावर आधी ८८ए८ आणि त्याखाली ८१०० असे दोन्ही टॅग उलगडून दिसतात. हे एकदा स्वतः केलेला विद्यार्थी सांध्यावरचा दोष काही मिनिटांत ओळखेल. प्राध्यापकांना माझी विनंती आहे की डिप्लोमाच्या पातळीवरच हा प्रयोग करून घ्यावा, कारण इथल्या पुरवठादारांकडे नोकरीला जाणारी मुले बहुतांशी डिप्लोमाचीच असतात.

संस्थांच्या संचालकांना माझे सांगणे असे की, लाइनच्या करारासोबत एक जोडपत्र अवश्य जोडून घ्यावे. सेवेचा प्रकार कोणता; सी-टॅगवर आधारित असेल तर कोणकोणते क्रमांक तक्त्यात आहेत आणि नवा क्रमांक किती वेळात घातला जाईल; कमाल फ्रेमची लांबी किती; स्पॅनिंग ट्रीचे संदेश पलीकडे जातील की नाही; वाटेत दुसरा पुरवठादार असेल तर सांधा कोठे आहे, तिथे टॅगची खूण कोणती आणि तिथल्या दोषाला जबाबदार कोण, एवढे त्यात असावे. करार इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये येतो आणि तो वाचून सही करणारे संचालक बहुतेक वेळा मराठीत विचार करणारे असतात, म्हणून या जोडपत्राची मराठी प्रत शाखेत ठेवावी, म्हणजे व्यवस्थापक बदलला तरी माहिती हरवणार नाही. लाइन ताब्यात घेताना १४७२ बाइटच्या पिंगचा निकाल टॅग लावलेल्या व्हीलॅनमधून घेऊन त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. नुसत्या वेगाच्या चाचणीवर लाइन स्वीकारू नये.

ही चाचणी फायबर तुटून पुन्हा जोडली गेल्यावरही करावी, असा माझा आग्रह आहे. खानापूर तालुक्यात पावसाळ्यात आणि महामार्गाच्या कामाच्या वेळी फायबर वरचेवर तुटते, आणि दुरुस्ती होईपर्यंत पुरवठादार आपली सेवा दुसऱ्या वाटेने वळवतो. ती वाट ज्या स्विचमधून जाते त्याच्यावर टॅगची खूण, फ्रेमची लांबी आणि तक्ता मुख्य वाटेसारखाच ठेवलेला असेल असे गृहीत धरता येत नाही, कारण एरवी त्या वाटेने कोणी जात नसते. पुरवठादारांनी जून उजाडण्यापूर्वी आपल्या पर्यायी वाटांवर प्रत्येक ग्राहकाची सेवा एकदा मुद्दाम वळवून पाहावी आणि तिचा निकाल ग्राहकाला कळवावा, ही या पत्राद्वारे विनंती करतो.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक नेटवर्क तंत्रज्ञ,
बेळगाव